दिव्याच्या जागी बसलेली बॅटरी

मित्रांनो, केनवडच्या एका घरात, फळीवरच्या डब्यांच्या मागे, बोटभर धूळ अंगावर घेऊन मी पडलेली असते. बटनापाशी मला गंज चढला आहे. काचेला एक चीर आहे. पूर्वी माणसं मला हातात घेऊन अंधारात वाट काढायची, आता घरातली मुलं कधीमधी बंदूक म्हणून खेळायला घेतात आणि मग कुठेतरी टाकून देतात. मी एक जुनी बॅटरी.

आम्हा बॅटऱ्यांचा स्वभाव फार घाबरट असतो. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आमचं काम उजेड द्यायचं आणि आमच्या पोटात सदा धास्ती. बटन दाबलं आणि लागलेच नाही तर? माणसाचं सगळं बरं चाललं असताना कुणी बॅटरी हातात घेत नाही. आम्हाला उचलतात ते अडचणीत. म्हणून कुणाचा हात जवळ आला की आधी माझा जीव घाबरा होतो.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते नीट आठवत नाही. पत्रा वाकवल्याचा आवाज आठवतो, आणि माझ्या अंगावर चांदीसारखं पाणी चढवलं तेव्हाचा गारवा आठवतो. मग लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून मी कारंजाला आले. तिथल्या एका दुकानात मला देवमन अंभोरे यांनी घेतलं. देवमन केनवडचे. कापसाच्या हंगामात ते कारंजाच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चौकीदारी करायचे. तिथे कापसाच्या गंजीजवळ कंदील न्यायला बंदी, म्हणून बॅटरी लागायची. देवमन मला धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि सेलच्या एका जोडीवर अख्खा हंगाम काढायचे. लागेल तेवढंच बटन दाबायचं, लगेच सोडायचं. त्यांच्या हातात मी सुखात होते.

देवमनची थोरली मुलगी भागिरथा. ती अकोल्याला नर्सचं शिकली आणि केनवडजवळच्या मालेगावच्या सरकारी दवाखान्यात लागली. बाळंतपणं, विंचू चावलेले, कुऱ्हाड लागलेले असं तिथलं काम. पण मालेगाव सडकेवरचं गाव. ट्रक उलटला, बैलगाडीला मोटारीने धडक दिली, की माणसं तिथेच आणायची. त्यांचं रक्त थांबवायचं, पट्टी बांधायची आणि मिळेल त्या गाडीत घालून नागपूरला पाठवून द्यायचं. तो माणूस नागपूरला पोहोचला का, जगला का, हे भागिरथाला कधीच कळायचं नाही. ती घरी आली की जेवताना मध्येच थांबायची. एकदा मायला म्हणाली, "माय, आमी निस्ते गाडीत चढवून देतो. पुढं काय होते, देवालेच ठाऊक."

तेव्हा एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासचे दिवस होते. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अपघातात सापडलेल्यांसाठी वेगळा अतिदक्षता वॉर्ड सुरू झाला होता आणि तिथे नर्स हव्या होत्या. भागिरथाने नाव दिलं. नाव देताना ती धीट होती. हुकूम आला तेव्हा मात्र ती घाबरली. पहिले काही महिने परीक्षेचे, जमलं नाही तर परत मालेगावला, असं ठरलेलं होतं.

जायच्या दिवशी घरात बायका जमल्या. देवमनची बहीण कस्तुराबाई दारातच बसली होती. ती म्हणाली, "काहून जाऊन राह्यली वं तितं? फुटक्या डोस्क्याचे मानसं शिवाले? शिवाची मशीन हायेस का तू?"

"शिवाले डाक्टर हाय, आत्या. मी नजर ठिवाची," भागिरथा म्हणाली.

"नजर तं मी बी ठिवते साऱ्या गावावर. मले कोनी पगार नाई देत."

सगळ्या हसल्या. भागिरथा हसली नाही. तिची माय चंपाबाई तिला आत घेऊन गेली. भिंतीवर तथागतांची तसबीर होती, तिच्यापुढे तेलाचा लहानसा दिवा. त्या घरात सकाळी दिवा लावून, त्रिशरण पंचशील म्हटल्याशिवाय कुणी पाणीही तोंडात घेत नसे. चंपाबाई हळू आवाजात म्हणाली, "भागू, तितं कामाची घाई असन. पन हा नेम सोडू नको. दिवा लावल्याबिगर घास घेऊ नको. तुयं मन ठिकान्यावर राहीन."

"नाई सोडत, माय."

देवमनने मला तिच्या पिशवीत घातलं. "नागपूरची लाईट बी जाते म्हंते. असू दे संगं."

अशी मी नागपूरला निघाले. मेहकरकडून येणारी एसटी केनवडला आली, मालेगाव मागे पडलं, कारंजा मागे पडलं. प्रत्येक गावाला उतारू बदलत होते आणि भागिरथा पिशवी पोटाशी धरून बसली होती. दोघी सारख्याच घाबरलेल्या होतो.

मित्रांनो, तो वॉर्ड कसा सांगू? ओळीने लोखंडी खाटा. प्रत्येक खाटेला बाटल्या टांगलेल्या, नळ्या लावलेल्या. कुणाची छाती यंत्राने वरखाली होत होती. कुणाच्या डोक्याला एवढी पट्टी की चेहरा ओळखू येऊ नये. एक पेशंट खाली न्यावा तर दुसरा दारात स्ट्रेचरवर थांबलेला. आणि या सगळ्यावर लिलाबाईंची नजर. लिलाबाई तिथल्या मोठ्या सिस्टर. त्या मूळच्या कारंजाच्या. अंगाने बारीक, आवाज मात्र भरलेला.

त्यांनी पहिल्याच दिवशी भागिरथाला एका खाटेपाशी उभं केलं. "डोक्याला मार लागलेला पेशंट बोलत नाई. त्याचे डोये बोलते. बॅटरी हाय ना तुयाजवळ? लाव."

भागिरथाने माझं बटन दाबलं. मी लागले. हुश्श झालं मला.

"पाह्य, उजेड पडला की बाहुली बारीक होते. दोन्ही डोयाच्या सारख्या पायजे. एक मोठी राह्यली, उजेडाले हललीच नाई, तं समजाचं आत रक्त साचून राह्यलं. मंग थांबाचं नाई. डाक्टरले हाक माराची. कवटी उघडून रक्त काढलं तं मानूस वाचते. उशीर केला तं नाई वाचत."

"अन् आपलंच चुकलं तं?" भागिरथाने विचारलं.

"तं बिनकामाची कवटी उघडन. म्हनून नीट पाह्याचं," असं म्हणून लिलाबाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्या वाक्याने भागिरथाचा धीर सुटला, आणि माझाही. जिनिंगमध्ये मी विझले असते तर देवमन फार तर ठेचाळले असते. इथे माझ्या उजेडावर माणसाची कवटी उघडायची की नाही ते ठरणार होतं.

राहायला नर्सचं होस्टेल होतं. तिथे दुसरीच अडचण उभी राहिली. मागे कधीतरी कुणाच्या मेणबत्तीने मच्छरदाणी पेटली होती, तेव्हापासून खोलीत ज्योत लावायची सक्त मनाई होती. होस्टेलच्या बाईंनी भागिरथाच्या सामानातून पणती, तेलाची बाटली आणि काड्यापेटी काढून घेतली. भागिरथाने तसबीर खिडकीत मांडली. पहाटे उठून तिच्यापुढे हात जोडून बसली. दिवा नाही. मग चहाचा कप समोर आला तसा तिने बाजूला सारला.

पहिले दोन दिवस ती उपाशीच कामावर गेली. संध्याकाळी कुणी आग्रह केला तर मनात क्षमा मागून चार घास खाल्ले, पण ते तिच्या अंगी लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाटेचा दांडा धरून ती एकदम खाली बसली.

"काय वं, चक्कर येऊन राह्यली? खाल्लं का काई?" लिलाबाईंनी विचारलं.

"खाल्लं जी," ती म्हणाली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नेमाचं सांगावं तर इथल्या बायका हसतील, आणि वॉर्डात उपाशी येते म्हणून परत पाठवतील, अशी तिला भीती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला पिशवीतून काढलं. पदराने पुसलं. तसबिरीपुढे मला उभं केलं, काच वर करून, आणि बटन पुढे सरकवलं. माझा उजेड छतावर गोल पडला, तिथून तो शांतपणे तसबिरीवर उतरला. भागिरथाने हात जोडले. बुद्धं सरणं गच्छामि. तिचा आवाज इतका हळू की शेजारच्या खाटेवरची मुलगी कूसही वळली नाही.

मित्रांनो, माझं मन काय सांगू? पत्र्याची बॅटरी मी, आणि मला दिव्याच्या जागी बसवलं होतं. त्या दिवशी भागिरथाने पोटभर पोळी खाल्ली. तिचे हात स्थिर झाले. लिलाबाई म्हणाल्या, "आता कशी मानसात आली." मग रोजचाच तो नेम झाला. पहाटे मी तसबिरीपुढे जळायचे. वंदना संपेपर्यंत, आणि वंदनेनंतर ती डोळे मिटून बसायची तेवढा वेळही. नंतर ती मला खिशात घालून वॉर्डात न्यायची.

आता ऐका, चूक कुठे झाली ते. बाबांच्या हातात सेलची एक जोडी हंगामभर जाते, हे भागिरथाने लहानपणापासून पाहिलेलं. वॉर्डात तर ती मला क्षणभरच लावायची. म्हणून सेल बदलायचा विचार तिच्या मनात आला नाही. पहाटे मी कितीतरी वेळ जळते, हे तिने कामात धरलंच नव्हतं. तिच्या लेखी ती पूजा होती. पूजेत काही खर्च होतं असं तिला वाटलंच नाही.

मला कळत होतं. आतून काहीतरी ओसरत चाललेलं जाणवत होतं. पहाटेच्या काळोखात माझा उजेड पिवळा झाला तरी छान दिसायचा, उलट दिव्यासारखाच दिसायचा. भागिरथाला तो आवडायचा. मी मात्र रोज भीतभीत लागायचे. आज पुरेन का? उद्या पुरेन का? बॅटरीला बोलता येत नाही, मित्रांनो. तिला नुसतं मंद होता येतं.

त्यातच सेवादासला आणलं.

सेवादास कारंजाजवळच्या एका तांड्यावरचा. कापसाने भरलेल्या ट्रकवर बसून येत होता. वळणावर खाली पडला आणि डोकं सडकेवर आपटलं. अंगावर बाकी जखम म्हणाल तर खरचटल्याएवढी. डोळे मिटून पडलेला, हाक मारली तर हुंकार देई. त्याची बायको हेमला वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती. आत यायची परवानगी नव्हती. भागिरथा जाता-येता दिसली की ती उठून उभी राहायची.

"बाई, त्यानं डोये उघडले का?"

"अजून नाई. पन आवाज देते तो."

"मले शिव्या देते का? शिव्या देत असन तं बरा हाय समजा."

भागिरथाला हसू आलं. "हुंकार देते निस्ता."

"मंग नाई बरा," हेमला म्हणाली आणि पुन्हा बसली.

ती सकाळ मला अजून डोळ्यांपुढे दिसते. खिडक्यांतून ऊन थेट खाटांवर आलं होतं. वॉर्ड लख्ख होता. भागिरथा सेवादासपाशी आली. एका हाताने पापणी उघडली, दुसऱ्या हाताने मला लावलं. त्या उन्हात माझा उजेड म्हणजे पाण्यात टाकलेली हळद. बाहुल्या बारीक झाल्यासारख्या वाटल्या, न झाल्यासारख्याही वाटल्या. भागिरथा क्षणभर थांबली. काल तर झटकन बारीक झाल्या होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मला तळहातावर आपटलं, पुन्हा लावलं. तेवढ्यात दारातून दुसरा जखमी आत आला. "भागिरथा, इकडं धर," अशी हाक आली. तिने मला खिशात टाकलं आणि धावली. बॅटरीच मंद असेल, अशी मनाची समजूत तिने घातली.

खिशात माझं काय झालं असेल? मी मंद, की त्याचे डोळेच मंद? तीही त्याच विचारात होती हे मला समजत होतं. नव्या जखमीची पट्टी धरली, बाटली लावली, पण तिची नजर सेवादासच्या खाटेकडे जात होती.

काम होताच ती परत त्याच्यापाशी आली. "सेवादास," तिने हाक मारली. हुंकार आला नाही. तिने पापणी उघडली. मी जीव खाऊन लागले, होतं नव्हतं ते सगळं दिलं. उजवी बाहुली मोठी आहे का? की सावलीमुळे तशी दिसते? ती हलली का? खोटी हाक मारली तर माणसाची कवटी बिनकामाची उघडतील. गप्प राहावं तर तो हातचा जाईल. आणि बॅटरी मंद आहे म्हणावं तर पहिला प्रश्न येणार, सेल कुठे घालवले? ते सांगितलं की मालेगावची एसटी.

ती फार वेळ उभी राहिली नाही, मित्रांनो. पण जेवढी राहिली तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. मग ती मोठ्याने बोलली. एरवी तिचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जात नसे, आज सगळ्या वॉर्डाने ऐकला.

"सिस्टर, माह्या बॅटरीचा भरोसा नाई. याचे डोये तुमी पाहा. लवकर या."

लिलाबाई आल्या. त्यांनी आपली बॅटरी काढली. पांढरा, धारदार उजेड पडला. डावी बाहुली चटकन बारीक झाली. उजवी तशीच राहिली, मोठी, काळी, जशी विहीर.

"डाक्टरले बोलाव," लिलाबाई म्हणाल्या. मग सेवादासची खाट ढकलत नेण्याचा आवाज, दारात हेमलाचं "काय झालं? काय झालं बाई?" आणि पाठोपाठ बंद होणारं दार.

त्या दिवशी दुपारपर्यंत भागिरथाने सगळी कामं केली. ऑपरेशन झालं. कवटीखालचं साचलेलं रक्त काढलं. माणूस वाचला. पण डॉक्टर म्हणाले की डावा हात पूर्वीसारखा चालेल असं वाटत नाही. थोडं आधी कळलं असतं तर चालला असता का? त्यांनी खांदे उडवले. सांगता येत नाही, म्हणाले.

लिलाबाईंनी भागिरथाला बाजूला घेतलं. मला तिच्या खिशातून काढून उन्हात धरलं, बटन दाबलं. "हे काय हाय? काजवा?"

"सेल संपले, सिस्टर."

"एवढ्यात?"

मग भागिरथाने सगळं सांगितलं. तसबीर, दिवा, मायला दिलेला शब्द. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच शंका आली होती, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "मले मालेगावले धाडाचं असन तं धाडा. पन त्याचा हात माह्यानं गेला असन तं ते मले मांगं टाकून जाता येनार नाई कुठंच."

लिलाबाईंनी मला बंद करून तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "होस्टेलच्या सैपाकघरात सकायी चूल पेटते का नाई?"

"पेटते."

"मंग तितं दिवा लावाले कोनाची मनाई हाय? इचारलं का कोनाले?"

भागिरथाने नाही म्हणून मान हलवली.

"उपाशी राह्यली, चक्कर खाल्ली, बॅटरी जाळली, पन इचारलं नाई. देवाले हात जोडता येते, मानसाले दोन शब्द इचारता येत नाई?" त्यांचा आवाज चढला आणि मग खाली आला. "मालेगावले नाई धाडत. आज तू वॉर्डात ओरडली म्हनून नाई धाडत. दुसरी एखादी लाजंनं गप राह्यली असती. जा आता, त्याच्या बायकोले तूच सांग."

ते सगळ्यात अवघड होतं. हेमला तशीच भिंतीला टेकून बसली होती. भागिरथा तिच्यापुढे खाली बसली, फरशीवर. "तो वाचला. पन डावा हात चालन का, सांगता येत नाई. अन् मले थोडं पयले सांगाले पायजे होतं. माही बॅटरी मंद झाली होती."

हेमलाने तिच्याकडे पाहिलं. रागावली का, ते तिच्या चेहऱ्यावर दिसेना. हातातल्या बांगड्या तिने मागे सारल्या, पुढे आणल्या. मग विचारलं, "तो पानी कवा मांगन?"

"मांगन. एक-दोन दिवसांत."

"मंग मी बसते इतंच," ती म्हणाली. एवढंच. क्षमा केली असंही नाही, नाही केली असंही नाही. सेवादास पुढे घरी गेला तेव्हा त्याचा डावा हात झोळीत होता. शिव्या मात्र तो देत होता, आणि हेमला त्या खुशीने ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून भागिरथाचा दिवा होस्टेलच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या कोनाड्यात लागू लागला. होस्टेलच्या बाई पहिल्या दिवशी कुरकुरल्या, तिसऱ्या दिवशी स्वतःच वात वळून देऊ लागल्या. दिव्याची जागा माझी गेली. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठं ओझं उतरलं.

आणि भागिरथाने आपल्या नेमात एक भर घातली. वंदना झाली, की ती मला घेऊन होस्टेलच्या ओट्यावर यायची. तिथे कोवळं ऊन पडलेलं असे. त्या उन्हात तळहातावर मला लावायची. हातावर उजेड दिसला तर चहा घ्यायचा. नाही दिसला तर आधी दुकान उघडायला लावून सेल आणायचे, मग चहा. तिच्या सोबतिणी चिडवायच्या, "बाई उन्हात बॅटरी लावते. सूर्य दिसत नाई तिले." ती हसायची, पण कधी चुकली नाही. नवीन नर्स आली की लिलाबाई तिला भागिरथाजवळ पाठवायच्या.

त्या वॉर्डात मी तिच्याबरोबर बरीच वर्षं काढली. किती डोळ्यांत मी पाहिलं, ते मला मोजता यायचं नाही. काही डोळ्यांनी मला ओळख दिली, काहींनी दिली नाही. पुढे लहान, पेनासारख्या बॅटऱ्या आल्या. माझी काच एकदा फरशीवर पडून तडकली. भागिरथाने मला टाकलं नाही, सेल काढले, पुसलं आणि केनवडला आणून ठेवलं. तेव्हापासून मी या फळीवर आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ज्या वस्तूवर कुणाचा जीव सोपवणार असाल तिची रोज विचारपूस करा. तिचा कुठे कुठे वापर होतो ते ध्यानात धरा, पूजेतलाही धरा. ती कमी पडत असेल तर लाजून खिशात घालू नका, बोला, दुसरी मागून घ्या. आणि पारख करायची असेल तर भर उन्हात करा. काळोखात तर मीही चांगलीच दिसत होते.